आमच्या गावाचा चंद्र किती वाजता उगवतो?

संकष्टीच्या दिवशी आमच्या रामनगरात चंद्र मुंबईचा असतो. म्हणजे आकाशात असतो तो आमचाच, पण उपास सुटतो तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईपुढे जी वेळ छापलेली असते त्या वेळेला. दिनदर्शिकेत आणि पंचांगात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या असतात, नाही असं नाही. जवळचं म्हणून बेळगाव बघितलं तरी चालेल. पण सवयीने नजर पहिल्या नावावर जाते, आणि पहिलं नाव कोणाचं असतं ते सांगायला नको. चंद्र डोंगरावर येऊन बसलेला असतो आणि घरात कोणीतरी म्हणतं, ‘‘थांब गो, अजून वेळ झाली नाही.’’

माझा आक्षेप उपासाला नाही. दहा मिनिटं उशिरा मोदक खाल्ला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. आक्षेप या गोष्टीला आहे की समोर दिसणारा चंद्र खोटा आणि छापलेला आकडा खरा, हे आपल्याला इतकं सहज पटतं.

आधी रामनगर कुठे ते सांगते, कारण या कॉलेजात तीन वर्षांत मला ते दर वेळी सांगावं लागलंय. (नाही, ते बंगळूरजवळचं रामनगर नाही. ‘शोले’वालं नाही.) आमचं रामनगर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, बेळगावहून अनमोड घाटाने गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर. जवळचं मोठं स्टेशन लोंढा. काळी नदीवर सुपा धरण झालं तेव्हा ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या अनेकांना इथे आणून वसवलं. सुपा हे तालुक्याचं गावच बुडालं, मग तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. जुनी माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात. शाळा कन्नड किंवा मराठी, घरात कोकणी-मराठी, नोकरी-धंदा गोव्यात, पंचांग महाराष्ट्रातलं. एवढ्या सगळ्यांत आकाश कोणाचं, हा प्रश्न मला पडला तर त्यात नवल नाही.

आता थोडे आकडे. कंटाळा करू नका, गंमत आहे त्यात.

रामनगर साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर. मुंबई एकोणीस अंश उत्तर आणि त्र्याहत्तर अंश पूर्व यांना जेमतेम टेकलेली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून पूर्वेकडच्या रामनगरात सगळं काही मुंबईच्या सहा-साडेसहा मिनिटं आधी व्हायला हवं. इथपर्यंत भूगोलाच्या पुस्तकात असतं. पुस्तक इथे थांबतं आणि आकाश इथून पुढे सुरू होतं. कारण आपण नुसते पूर्वेला नाही, दक्षिणेलाही आहोत. जून महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेकडच्या गावाचा दिवस मोठा. त्यामुळे मुंबईला सूर्योदय सात-एक मिनिटं लवकर मिळतो, आणि रेखांशामुळे झालेला उशीर बरोबर फिटतो. २१ जूनला मुंबई आणि रामनगर इथे सूर्य जवळजवळ एकाच मिनिटाला उगवतो! मावळताना मात्र दोन्ही कारणं एका बाजूला येतात आणि रामनगरात तेरा-एक मिनिटं आधी अंधार पडतो. डिसेंबरात हे सगळं उलट. सूर्य मावळतो बरोबरच, पण उगवतो आमच्याकडे तेरा मिनिटं आधी.

म्हणजे ‘‘मुंबईच्या वेळेतून सहा मिनिटं वजा करा’’ असा सोपा नियम काढून चालत नाही. जागा बदलली तर फरक पडतो, आणि तो फरक किती हे पुन्हा ऋतूवर ठरतं. संकष्टीच्या चंद्राचं तर आणखी मजेशीर. चंद्र तेव्हा सूर्याच्या जवळपास विरुद्ध बाजूला असतो, म्हणून उन्हाळ्यात तो दक्षिणेला आणि दिवाळीच्या सुमाराला उत्तरेला असतो. चैत्र-वैशाखातल्या संकष्टीला रामनगरचा चंद्र मुंबईच्या दहा-बारा मिनिटं आधी वर येतो. आश्विन-कार्तिकात दोन्हीकडे जवळजवळ बरोबर. दिवाळीच्या दिवसांत मुंबईचा आकडा बघितला तर चालून जातं, वैशाखात चालत नाही. लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, कारण त्यांना ते सोसावं लागतं. तिथे मे महिन्यातल्या संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. भारतातली वेळ तिथे चालवायची सोयच नाही, म्हणून ते मुकाट्याने आपल्या गावाचं पंचांग काढतात. आपल्याला दहाच मिनिटांचा फरक, म्हणून आपण आळस करतो.

दुसरं उदाहरण रामनवमीचं. रामनगरात रामनवमी म्हटल्यावर काय विचारता! राम जन्मला मध्यान्ही. मध्यान्ह म्हणजे सूर्य त्या गावाच्या माथ्यावरच्या रेषेत येतो तो क्षण. बऱ्याच देवळांत घड्याळात बाराचा ठोका पडला की गुलाल उधळतात. पण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची. आम्ही तिथून आठ अंश पश्चिमेला, म्हणजे बत्तीस मिनिटं मागे. चैत्रात आमची खरी मध्यान्ह साडेबारा वाजून गेल्यावर येते, मुंबईची पाऊणच्या जरा अलीकडे. आपण पाळण्याची दोरी ओढतो तेव्हा सूर्य अजून पूर्वेलाच असतो. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलंय. मुंबईत, गोव्यात आणि आमच्या जिल्ह्यात हे वाक्य वर्षातल्या एकाही दिवशी खरं नसतं. तरी त्याला मार्क मिळतात.

मुंबईकरांना एके काळी हे नीट माहीत होतं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली तेव्हा मुंबईने ती सरळ स्वीकारली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागची. गिरणी कामगारांनी त्या बदलाला विरोध केला, आणि शहरात पुढे अनेक दशकं ‘बॉम्बे टाइम’ आणि ‘स्टँडर्ड टाइम’ अशा दोन वेळा नांदल्या. त्यात राजकारण होतं, परक्या सरकारचा राग होता, हे मान्य. पण ज्याला पहाटे गिरणीच्या भोंग्यावर उठायचं त्याला एकोणचाळीस मिनिटं म्हणजे किती अंधार, हे पाठ्यपुस्तक न वाचता कळत होतं. आसामातल्या चहाच्या मळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, घड्याळ एक तास पुढे.

कोणी म्हणेल, मग तुला काय हवंय? प्रत्येक गावाचं वेगळं घड्याळ? अजिबात नाही. लोंढ्याला गाडी पकडायची असते मला. देशाला एक घड्याळ हवंच, आणि ते मिर्झापूरचं असलं तरी माझी तक्रार नाही. पण घड्याळ हा आपण माणसांनी आपसात केलेला करार आहे. सूर्य-चंद्राने त्यावर सही केलेली नाही. करार पाळावा, पण तो निसर्गाचा नियम आहे असं मुलांना शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

‘‘आपली परंपरा’’ म्हणून जे लोक एका छापील आकड्याला चिकटून बसतात, त्यांनी परंपरा जरा उघडून बघावी. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत देशांतर आणि चर असे दोन संस्कार आहेत. देशांतर म्हणजे उज्जयिनीच्या रेषेपासून तुम्ही पूर्व-पश्चिम किती लांब, आणि चर म्हणजे उत्तर-दक्षिण अंतरामुळे दिवस किती लहान-मोठा होतो. वर मी जो मुंबई-रामनगरचा हिशोब केला तो नेमका हाच. सहाव्या शतकातला वराहमिहिर अगस्त्य ताऱ्याच्या उदयाबद्दल लिहिताना बजावतो की तो प्रत्येक देशासाठी वेगळा गणित करून सांगावा. उज्जैनला बसलेला माणूस म्हणतो, माझं आकाश तुम्हाला लावू नका! आणि आपण मुंबईचा चंद्र अनमोडला लावतो.

अगस्त्याचीच गोष्ट घ्या. अगस्ती ऋषी दक्षिणेला गेले, विंध्य वाकला, ते परत आलेच नाहीत. ही कथा उत्तरेत बसून आकाश पाहणाऱ्याला सुचलेली असणार असं मला वाटतं. दिल्लीतून अगस्त्य तारा दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम नऊ अंश चढतो आणि लगेच खाली जातो. श्रीनगरातून तीन अंश, म्हणजे समोर डोंगर असला की संपलं. मुंबईतून अठरा, रामनगरातून जवळजवळ बावीस अंश. आमच्याकडे हिवाळ्यात तो चांगला ठसठशीत दिसतो, दडून-बिडून नाही. आणि मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू उभा राहतो, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक. मुंबईतही तो सैद्धांतिकदृष्ट्या दिसतो, पण त्याचा खालचा तारा आठच अंशांवर, आणि त्या आठ अंशांत इमारती, धूर, आणि समुद्रावरचं धुरकट. आमच्याकडे साडेअकरा अंश. तीन-साडेतीन अंशांचा फरक ऐकायला काहीच नाही, पण दिसणं आणि न दिसणं यांच्यात तो पुरेसा आहे.

उत्तरेला मात्र मुंबई जिंकते. ध्रुव ज्या उंचीवर दिसतो तोच आपला अक्षांश, अगदी थोड्या फरकाने. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, रामनगरात दीड मूठ. ध्रुव अढळ आहे म्हणतात, तो आपण जागेवरून हललो नाही तर!

हे लिहिताना मी सुप्याहून उठून आलेल्या माणसांचा विचार करत होते. माझी आजी त्यांच्यातली. सुपा ते रामनगर सरळ अंतर फार नाही. उत्तरेला इतकं थोडं सरकलं तर ध्रुव पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढासुद्धा वर चढत नाही. आकाशाच्या हिशोबात ती माणसं हललीच नाहीत. पण गावातला माणूस आकाश अंशांत बघत नाही, तो डोंगराच्या कडेवर बघतो. सूर्य वर्षभरात उगवतीच्या क्षितिजावर जवळजवळ एकोणपन्नास अंश इकडून तिकडे फिरतो, जून अखेरीस एका टोकाला, डिसेंबर अखेरीस दुसऱ्या. कुठल्या खिंडीतून तो वर आला की काय पेरायचं, कुठल्या झाडामागे गेला की थंडी संपली, अशी खूण प्रत्येक जुन्या गावाची आपली आपली असते. घर, शेत, देऊळ यांची भरपाई ठरवता येते, कमी-जास्त का होईना. क्षितिजाची भरपाई कुठल्याच यादीत नसते. नव्या जागी सूर्य तोच, तारीख तीच, पण खुणा सगळ्या नव्याने शोधायच्या. आजी याला ‘‘हितं दिशा लागत नाही’’ म्हणायची. मला ते पुष्कळ दिवस दृष्ट लागण्यासारखं काहीतरी वाटायचं. ते साधं निरीक्षण होतं.

जागेसारखाच काळही आकाश हलवतो, पण इतक्या सावकाश की एका जन्मात कळत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा. तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. तिळगूळ तोच, पण दीडशे वर्षांत सण दोन-तीन दिवस पुढे सरकला, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू घुमतो आणि आपलं निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालतं. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो.

याहून मोठी उडी शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मारली. कोकणातल्या मुरूडचा हा शिक्षक, १८५३ चा जन्म, पंचेचाळिशीत गेला. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ निघाला. शतपथ ब्राह्मणात एक उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज कृत्तिका रामनगरातून बघा, मुंबईतून बघा, त्या पूर्वेच्या पंचवीस अंश डावीकडे, उत्तरेला उगवतात. अनेकांनी ते वाक्य वाचलं आणि पुढे गेले असतील. दीक्षितांनी विचारलं, मग ठीक पूर्वेला केव्हा उगवत होत्या? आणि गणित करून इसवी सनापूर्वी तीन हजारच्या आसपासचा काळ काढला. त्या वाक्याचा असा शब्दशः अर्थ लावावा का, यावर विद्वानांत वाद आहे, असू दे. मला त्यांची वृत्ती आवडते. पुस्तकातलं वाक्य आणि डोळ्यासमोरचं आकाश जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्हीपैकी एकालाही खोटं ठरवलं नाही. फरक मोजला.

आणि ग्रहण? १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण आमच्याच जिल्ह्यातल्या अंकोल्याकडून जमिनीवर आलं. मुंबईत ते खंडग्रास होतं. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून त्या दुपारी दूरदर्शनने सिनेमा दाखवला, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना आठवत असेल. अंकोल्यात भर दिवसा तारे, मुंबईत सूर्याचा घास घेतल्यासारखा तुकडा. २६ डिसेंबर २०१९ ला पुन्हा तसंच, कासारगोड-कण्णूरकडे कंकण, आपल्याकडे कोर. एकच सूर्य, एकच चंद्र, एकच सकाळ. ग्रहण ‘पाळायचं’ की ‘बघायचं’ हा वाद मी इथे काढत नाही, पण पाळणाऱ्यांनीही निदान आपल्या गावात ते किती आहे हे विचारावं.

आता आपल्याबद्दल. आपलं हे मराठी वाङ्मय मंडळ. ‘आकाशाचा आणि वाङ्मयाचा काय संबंध’ असं मला संपादक मंडळाच्या बैठकीत विचारलं गेलं. संबंध असा की आपण कवितेत चंद्र किलोकिलोने वापरतो, आणि अमावास्येनंतर दोन दिवसांनी पूर्वेला मध्यरात्री चंद्रकोर उगवते असं बिनदिक्कत लिहितो. (गेल्या अंकातली कविता कोणाची ते सांगत नाही.) ती कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि तासा-दीड तासात मावळते. हे कळायला विज्ञान शाखा लागत नाही, खिडकी लागते. ईदचा चंद्र बघायला जे गच्चीवर जातात त्यांना हे सगळं पाठ असतं. आपल्या कॉलेजात ईस्टरची तारीख दर वर्षी का हलते हे किती जणांना ठाऊक आहे? तिथेही पौर्णिमाच आहे, फक्त चर्चच्या कोष्टकातली.

माझी सूचना साधी आहे, खर्च शून्य. रामनगरात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, २-३ मे आणि १०-११ ऑगस्टच्या सुमाराला. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी पाऊस. मुंबईत १५-१६ मे आणि २७-२८ जुलै, तीच रड. म्हणून शून्य सावलीचा नाद सोडा आणि डिसेंबर धरा, तेव्हा आकाशही स्वच्छ. २१ डिसेंबरला मी घरी असेन. अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करणार आणि सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करणार. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमाराला पडेल, ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास. तुम्ही कॉलेजच्या गच्चीवर तेवढीच काठी लावा. तुमची सर्वांत आखूड सावली सात-एक मिनिटांनी पडेल, आणि ती माझ्यापेक्षा दहा-अकरा सेंटीमीटर लांब असेल. दोन्ही सावल्यांवरून सूर्याचे कोन काढले की फरक साडेतीन अंश निघावा. मुंबई-रामनगर दक्षिणोत्तर अंतर नकाशावर साधारण ३९० किलोमीटर. साडेतीन अंशांना ३९०, तर तीनशे साठ अंशांना किती? चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास पृथ्वीचा घेर निघतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं, त्याच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं.

मंडळाने एवढं करावं: गच्चीची परवानगी काढावी, आणि पुढच्या अंकात आपापल्या गावाच्या सूर्योदयाचं आणि संकष्टीच्या चंद्रोदयाचं पान द्यावं. मंडळात चिपळूणचे आहेत, नंदुरबारचे आहेत, निपाणीचे, वसईचे, एक मुलगी तर थेट इंदूरची आहे. प्रत्येकाने आपल्या गावाची वेळ आधी गणिताने काढायची, मग प्रत्यक्ष बघून लिहायची, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. डोंगर आडवा आला तर तेही लिहायचं. ज्यांना काठीच्या कामात यायचंय त्यांनी १५ डिसेंबरपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर नाव द्यावं. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. आमच्याकडे रेंज येते-जाते, म्हणून मी सावलीचा आकडा मेसेजने पाठवेन, फोन लागला नाही तर वाट बघत बसू नका.